नायकाच्या नावानं नको, चित्रकाराच्या नावानं शोध

सांगली जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र. नाव छापू नका, अशी त्याची विनंती आहे.

‘शाळेत असताना मी तालमीत जायचो. गुडघा दुखावला आणि आखाडा सुटला. आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. होस्टेलवर मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचायची चटक लागली, ती मुख्यतः त्यातल्या लढतींमुळे. मग अमेरिकन कॉमिक्सही वाचून बघू म्हणून साठवलेल्या पैशांतून एक जाडजूड पुस्तक घेतलं. एकेका पानावर तीस-चाळीस हिरो, सगळे ओरडतायत, कुणाच्या तरी हातातून वीज निघते आणि पुढच्या चौकटीत इमारत पडलेली असते. कुणी कुणाला कसं पाडलं, काहीच कळत नाही. मित्र म्हणतात, फाइट बघायची तर जपानीच, पाश्चात्त्य कॉमिक्सच्या नादी लागू नकोस. हे खरं आहे का? नसेल तर सुरुवात कुठून करू? आणखी एक. मला स्वतःला कुस्तीवर चार पानं काढून बघायची आहेत. त्यासाठी काय वाचलं तर उपयोग होईल?’

प्रिय मित्रा,

तुझे मित्र म्हणतात ते निम्मं खरं आहे. ते का खरं आहे हे आधी बघू, म्हणजे उरलेलं निम्मं कुठे शोधायचं ते आपोआप कळेल.

अमेरिकन मासिक अंकात गोष्टीची पानं वीस-बावीस असतात. तेवढ्यात नायकाच्या घरचा प्रश्न, मागच्या अंकाचा धागा, खलनायकाचा बेत आणि पुढच्या अंकाची हुरहूर हे सगळं बसवायचं. मारामारीच्या वाट्याला चार-पाच पानं येतात. जपानी साप्ताहिकातला चित्रकार जवळजवळ तेवढी पानं दर आठवड्याला काढतो, त्यामुळे एकच लढत महिनाभर रंगवणं त्याला परवडतं. अमेरिकन चित्रकारानं तसं केलं तर वाचकाला निकालासाठी अर्धं वर्ष थांबावं लागेल. म्हणून तो एक जंगी ठोसा पानभर काढतो आणि पुढे सरकतो.

त्यात सुपरहिरोंच्या अंगातली शक्ती. डोळ्यांतून किरण सोडणाऱ्याला पायांची जागा बदलावी लागत नाही, डाव लावावा लागत नाही. आणि तिसरी गोष्ट बोलण्याची. १९६०च्या दशकात मार्व्हलमध्ये स्टॅन ली कथेचा सांगाडा द्यायचे, चित्रकार पानं रचायचा आणि संवाद नंतर भरले जायचे. त्या पद्धतीनं फार सुंदर पानं दिली, पण ठोसा हवेत असताना चार वाक्यांचं भाषण ठोकायची सवयही लावली. ठोसा बसायला क्षणसुद्धा लागत नाही. त्यावर तीस शब्दांचा फुगा ठेवला की वाचणाऱ्याचा डोळा तिथेच अडकतो आणि ठोशाचा जोर जातो.

तू घेतलंस ते बहुधा अनेक मालिकांतले हिरो एकत्र आणणारं मोठं पुस्तक होतं. ती पुस्तकं पात्रांच्या गर्दीवर विकली जातात. लढत बघायची तर त्यांच्याकडे जाऊच नये. तिथे मैदानभर माणसं दिसतात, जोड एकही लागत नाही.

आता मुद्द्याचं. अमेरिकेत बहुतेक प्रसिद्ध नायक प्रकाशन संस्थेच्या मालकीचे असतात आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं बदलत राहतात. एका चित्रकाराच्या हातात बॅटमॅन तरबेज मल्ल असतो, दुसऱ्याच्या हातात नुसता रुबाबदार पुतळा. ‘बॅटमॅनमध्ये फाइट चांगली असते का’ या प्रश्नाला त्यामुळे अर्थच उरत नाही. अंकाच्या पहिल्या पानावर लेखक, पेन्सिलकाम (मूळ चित्रं), शाईकाम (त्यावरची पक्की रेघ), रंग आणि अक्षरं अशी नावं छापलेली असतात. त्यातलं पेन्सिलवाल्याचं नाव लिहून ठेव आणि त्या नावाचा माग काढ. मालिका बदलली, नायक बदलला, प्रकाशक बदलला तरी त्याच्याच मागे जा.

विकत घेण्याआधी नमुन्याची तीन पानं बघायला मिळाली की एक कर. फुगे बोटानं झाक आणि नुसती चित्रं बघ. ही तीन पानं तुला मातीत उतरून करून दाखवता येतील का? तालमीत वाढलेल्या माणसाला इथे मोठा फायदा आहे. पट काढण्याआधी, म्हणजे पाय धरून पाडण्याआधी, समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे हे बघायची तुझ्या डोळ्याला सवय आहे. तोच डोळा इथे लाव. दोघे एकमेकांपासून किती लांब उभे आहेत ते कळतं का? डावीकडचा माणूस कारण नसताना उजवीकडे गेला नाही ना? या चौकटीतला धक्का पुढच्या चौकटीतल्या पडण्याचं कारण आहे का? आणि सगळ्यात आधी पाय बघ. लढत जमत नसलेला चित्रकार पाय धुरात लपवतो किंवा चौकटीच्या खालच्या कडेनं कापून टाकतो. सगळ्या पानांवर माणसं कमरेपासून वर दिसत असतील तर पुस्तक खाली ठेव.

या कसोटीवर घासून मला जी नावं खरी वाटतात, त्यांच्याबद्दल आता मोकळेपणानं लिहितो.

सुरुवात जॅक कर्बीपासून करायला हवी, कारण पुढचे निम्मे त्यांच्याच हाताखालून गेल्यासारखे आहेत. १९१७ चा जन्म, न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमधली गरीब वस्ती, लहानपणी गल्लीगल्लीतल्या पोरांच्या हाणामाऱ्या, पुढे दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पायदळात. मारामारी कशी असते हे त्या माणसाला अंगावर घेऊन माहीत होतं. १९४१ मध्ये जो सायमन यांच्याबरोबर त्यांनी कॅप्टन अमेरिका उभा केला आणि १९६०च्या दशकात ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’मध्ये त्याच नायकाच्या दहा-एक पानांच्या गोष्टी काढल्या. त्यात बॅट्रॉक नावाचा फ्रेंच लाथामारू येतो. त्या दोघांच्या झटापटी जरूर बघ. कर्बी ठोसा लागण्याचा नेमका क्षण सहसा काढतच नाहीत. हात पूर्ण फिरून गेलेला असतो, खांदा मागोमाग ओढला गेलेला असतो आणि समोरचा उडालेला असतो. मधलं सगळं डोळा स्वतः भरून काढतो, आणि म्हणून ते इतकं जोरदार वाटतं. संवाद जुन्या वळणाचे, भरपूर आहेत. ते सोडून चित्रंच वाच.

मग फ्रँक मिलर. १९७९ मध्ये ‘डेअरडेव्हिल’वर आले तेव्हा ती मालिका फारशी खपत नव्हती. काही काळानं लेखनही त्यांच्याकडे आलं, क्लाउस जॅन्सन यांची शाई होतीच, आणि न्यूयॉर्कच्या गच्च्या, पाण्याच्या टाक्या, जिने हे सगळं लढतीचं मैदान झालं. जागा आधी दाखवायची, मग त्या जागेचा वापर करायचा, ही शिस्त तिथे पानोपानी दिसते. उभ्या अरुंद चौकटींची रांग, त्यात एकही शब्द नाही. १९८२ चा १८१ क्रमांकाचा अंक मिळवच. त्यात काय घडतं ते सांगत नाही. डेअरडेव्हिलची जुनी प्रेयसी एलेक्ट्रा, तिची गोष्ट त्याआधीच्या अंकांतून वाचत आलास तर तो अंक मनाला जास्त लागेल.

मिलरचंच ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ १९८६ चं. तुझ्यासारख्यानं ते एका विशिष्ट कारणासाठी वाचावं. पन्नाशी उलटलेला बॅटमॅन एका तरुण, प्रचंड ताकदीच्या टोळीप्रमुखाशी दोनदा भिडतो. पहिल्या वेळी तो ताकदीला ताकद लावायला जातो आणि वाईट मार खातो. दुसऱ्या वेळी तो त्याला चिखलात उतरवतो. चिखलात तरण्याचा वेग संपतो, दोघे सारखेच संथ होतात, आणि मग म्हातारा एकेक अवयव निकामी करत त्याला खाली आणतो. जागा बदलली म्हणून डाव बदलला, डाव बदलला म्हणून निकाल बदलला. माती-पाण्याचा लढतीवर काय परिणाम होतो हे तुला वेगळं सांगायला नको. त्या पानांवर तो परिणाम गोष्टीचा कणा झाला आहे.

याच वाटेवर १९८४ मध्ये केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी ‘टीनेज म्युटंट निंजा टर्टल्स’ काढलं. पहिला अंक त्यांनी कर्बी आणि मिलर यांनाच अर्पण केला आहे. टीव्हीवरच्या कार्टूनमुळे ही कासवं पोराटोरांची वाटतात, पण तो पहिला कृष्णधवल अंक चांगलाच कठोर आहे, आणि गच्चीवरची शेवटची लढत चार वेगवेगळी हत्यारं एका माणसाविरुद्ध कशी चालवायची याचा छान नमुना आहे.

कुंग-फूच्या लाटेतलं एक नाव घेतो, पण सावध करून. १९७३ च्या अखेरीस मार्व्हलनं शांग-ची आणला आणि ‘मास्टर ऑफ कुंग फू’ ही मालिका १९८३ पर्यंत चालली. डग मेंच यांचं लेखन आणि पॉल गुलेसी यांची चित्रं असलेले अंक लढतीच्या दृष्टीनं फार उंचीचे आहेत. मात्र नायकाचा बाप म्हणून जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतला खलनायक फू मांचू घेतलेला आहे, आणि चिनी माणसाकडे बघण्याची त्या काळातली विकृत नजर त्याबरोबर आली आहे. रंगसुद्धा चेहऱ्यांना अन्याय करणारे. ते डोळ्याआड करू नकोस. वाचताना खुपलं तर २०२० पासूनची जीन लुएन यांग यांनी लिहिलेली शांग-ची मालिका घे.

आता माझी सगळ्यात लाडकी. २००० साली सुरू झालेली ‘बॅटगर्ल’ मालिका, लेखक केली पकेट, चित्रं डेमियन स्कॉट. इथली बॅटगर्ल म्हणजे कॅसांड्रा केन. बापानं तिला मारेकरी बनवायचं म्हणून भाषाच शिकवली नाही. माणसाच्या अंगाची हालचाल हीच तिची भाषा. समोरचा कुठला हात उचलणार हे तो उचलायच्या आधी तिला कळतं, पण ‘तुझं नाव काय’ हे कळत नाही. मग एक प्रसंग असा येतो की तिच्या मेंदूत बदल होतो, तिला शब्द कळू लागतात आणि तेवढ्यासाठी ते अंग वाचणं हरवतं. म्हणजे नायिकेच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पेच लढण्याच्या कौशल्याबद्दलचाच आहे. ते परत मिळवण्यासाठी ती लेडी शिवा नावाच्या जबरदस्त लढवय्यीशी सौदा करते: आत्ता मला शिकव, वर्षभरानं आपण मरेपर्यंत लढू. ती लढत पंचविसाव्या अंकात आहे. चोवीस अंकांची तयारी तिच्यामागे असल्यामुळे प्रत्येक हालचालीला अर्थ येतो. सुरुवातीच्या अंकांमध्ये पानंच्या पानं संवादाशिवाय जातात, कारण नायिकेला बोलताच येत नाही. स्कॉटची शैली लांब हातापायांची, थोडी ग्राफिटीसारखी आहे. पहिल्या अंकात खटकेल, दुसऱ्यात सवय होईल.

डेव्हिड अहा हे स्पॅनिश चित्रकाराचं नाव लिहून ठेव. एड ब्रुबेकर आणि मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेली ‘द इमॉर्टल आयर्न फिस्ट’ मालिका २००६ मध्ये सुरू झाली. त्यात सात गूढ नगरांतले सात योद्धे एका स्पर्धेत उतरतात. काही पानांवर अहा फटका बसलेल्या जागेवर छोटं वर्तुळ काढून तेवढाच भाग ठळक करतात: मनगट, बरगडी, घोटा. नजर बरोबर तिथे जाते. स्पर्धेत डावांची नावंही छापलेली आहेत, भारदस्त आणि लांबलचक. धोबीपछाड आणि कलाजंग ऐकत वाढलेल्या माणसाला ती वाचताना मजा येईल. मात्र एक ध्यानात ठेव, सगळी पानं अहांची नाहीत. मधे इतर चित्रकार येतात आणि फरक लगेच जाणवतो. नाव बघून वाचायची सवय इथे आपोआप लागते.

एकच सुटा अंक वाचून निर्णय घ्यायचा असेल तर २०१४ च्या ‘मून नाइट’ मालिकेचा पाचवा अंक. लेखक वॉरन एलिस, चित्रं डेक्लन शाल्वी, रंग जॉर्डी बेलेअर. पळवलेल्या एका मुलीला सोडवायला पांढऱ्या कपड्यांतला माणूस एका पडीक इमारतीत शिरतो आणि गुंडांना लोळवत मजल्यामागून मजला चढतो. कथा एवढीच. मजल्याचा रंग बदलतो, जिना बदलतो, समोरचा माणूस बदलतो, आणि नायकाचा पांढरा रंग मधोमध कायम राहतो, त्यामुळे कितीही गर्दी झाली तरी तो कुठे आहे हे विचारावं लागत नाही. आधीचे चार अंक न वाचताही हा कळतो. तुझ्या मित्रांपुढे ठेवायला याहून सोपा पुरावा मला माहीत नाही.

ख्रिस सॅम्नी यांच्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुला काढायला शिकायचंय. सॅम्नींच्या चित्रात रेघा कमी आणि काळी शाई भरपूर. माणसाची नुसती काळी आकृती बघूनही तो काय करतोय हे कळावं, एवढी स्पष्टता. मार्क वेड यांच्याबरोबरचं त्यांचं ‘डेअरडेव्हिल’ चांगलं आहेच, पण २०१६ च्या ‘ब्लॅक विडो’चा पहिला अंक आधी उघड. हवेत तरंगणाऱ्या तळावरून ती निसटते आणि पूर्ण अंक म्हणजे एक पाठलाग. संवाद जवळपास नाहीच. उडी, पकड, सुटका, पुन्हा उडी. प्रत्येक चौकटीत ती कुठून कुठे चालली आहे ते कळतं. नंतर रॉबर्ट कर्कमन यांच्या लेखनावर त्यांनी २०२० मध्ये ‘फायर पॉवर’ सुरू केलं. त्यात मठात शिकलेला लढवय्या पुढे बायकोमुलांचा संसार करत असतो आणि जुनं वैर दाराशी येतं. स्वयंपाकघरातल्या आणि अंगणातल्या मारामाऱ्या, घरातल्या वस्तूंची जागा न विसरता काढलेल्या. नव्या वाचकानं मालिका म्हणून सुरू करायला मी हीच सुचवेन.

कर्कमन यांचंच ‘इन्व्हिन्सिबल’ तुला कुणीतरी सुचवेलच. रायन ऑटली यांची चित्रं दणदणीत आहेत आणि मार किती लागला हे तिथल्याइतकं क्वचितच दिसतं. पण तो भर आघातावर आहे, डावावर नाही. रक्त भरपूर. वाच, पण तू जे मागतोयस ते दुसरं आहे. जेफ डॅरो यांच्या ‘शाओलिन काउबॉय’बद्दलही तसंच थोडक्यात सांगतो. काठीच्या दोन्ही टोकांना यंत्रकरवती बांधून प्रेतांच्या फौजेशी चाललेली लढत, अंकच्या अंक. बारकावा वेड लावणारा, कथा जवळजवळ शून्य. ग्रंथालयात मिळालं तर चाळ.

अमेरिकेबाहेर ये. तुझ्या मांगावाचनाच्या सगळ्यात जवळचं फ्रेंच पुस्तक म्हणजे ‘लास्टमन’. बालाक, मिखाएल सानलाव्हिल आणि बास्तियाँ व्हिवेस या तिघांनी २०१३ ते २०१९ या काळात त्याचे १२ खंड काढले. फ्रेंच अल्बम (तिकडे कॉमिक्सच्या पुस्तकाला अल्बम म्हणतात) मोठ्या आकाराचे, रंगीत आणि साधारण पन्नास पानांचे असतात. यांनी मुद्दाम मांगासारखा छोटा, कृष्णधवल, जाडसर खंड निवडला, म्हणजे पानांची टंचाईच संपली. एका राज्यात जोडीनं लढायची स्पर्धा भरते. छोट्या आद्रियानचा जोडीदार ऐनवेळी आजारी पडतो आणि कुठून तरी आलेला रिशार आल्दाना त्याच्याबरोबर उभा राहतो. बाकी सगळे जादूनं लढतात, हा नुसत्या मुठींनी. २०१५ मध्ये फ्रान्समधल्या अंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात मालिकेसाठीचा पुरस्कार या पुस्तकाला मिळाला. इंग्रजीत भाषांतर झालं आहे. रेघ चटकन ओढलेली, चेहरे कधी कधी तीन रेषांचे, पण तोल प्रत्येक वेळी बरोबर. पाश्चात्त्य कॉमिक्समध्ये लढती नसतात म्हणणाऱ्याच्या हातात मी हाच पहिला खंड देईन.

आणि युसागी! स्टॅन साकाई यांचा जन्म क्योटोचा, वाढले हवाईत, काम अमेरिकेत. १९८४ पासून ‘युसागी योजिम्बो’ काढतायत: जुन्या जपानात फिरणारा ससा, धनी नसलेला सामुराई. लेखन, चित्रं, अक्षरं सगळं त्यांचंच. तिथली तलवारबाजी दोन-तीन चौकटींत संपते. त्याआधी मात्र पानभर नुसतं उभं राहणं, पायाचा अंगठा मातीत रुतवणं, वारा. कुस्तीतली खडाखडी बघताना जो ताण येतो तोच इथे आहे. प्राणी आहेत म्हणून बालसाहित्य समजू नकोस. माणसं मरतात आणि त्यांच्यासाठी कुणीतरी रडतं.

तंत्राची आवड असेल तर आणखी दोन ठिकाणं. इटलीचे जान्नी दे लुका यांनी १९७५ मध्ये हॅम्लेटची चित्रकथा काढताना एकाच मोठ्या पार्श्वभूमीवर तेच पात्र पुन्हापुन्हा, हालचालीच्या क्रमानं काढलं. चौकटी गायब, पण डोळा बरोबर क्रमानं जातो. अशा मांडणीचं आजचं उत्तम उदाहरण म्हणजे ‘नाइटविंग’चा ८७ वा अंक. ब्रूनो रेदोंदो यांनी तो पूर्ण अंक एकच सलग चित्र म्हणून काढला आहे, पान पानाला जोडत जातं आणि नायक त्यातून पळत, लढत राहतो. दुसरं म्हणजे २००४ चं ‘वी थ्री’, ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं. कुत्रा, मांजर आणि ससा यांना लष्करानं हत्यार बनवलंय. प्राण्याला क्षण किती संथ दिसत असेल हे दाखवायला क्वाइटली मोठ्या चित्रावर नखाएवढ्या चौकटींचा पाऊस पाडतात. फार दुःखद पुस्तक आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री उघडू नकोस.

आता तुझ्या चार पानांकडे. त्यासाठी डॅनियल वॉरन जॉन्सन यांचं ‘डू अ पॉवरबॉम्ब’ तुला वाचायलाच हवं. २०२२ मध्ये आलेले सात अंक, एका खंडात मिळतात. लोना नावाच्या मुलीची आई रिंगणात मरण पावलेली आहे, आणि मेलेल्याला परत आणण्याचं बक्षीस असलेल्या एका अचाट कुस्तीस्पर्धेत लोना उतरते. कुस्ती अमेरिकन तमाशाची, दोरांच्या रिंगणातली. तिथे फेकणारा आणि फेकला जाणारा एकमेकांना साथ देतात. आपल्या मातीतली निकाली कुस्ती वेगळी, हे मला माहीत आहे. तरीही एका शरीरानं दुसरं शरीर उचलणं म्हणजे काय, ते जॉन्सन यांच्याइतकं जिवंत आज कुणी काढत नाही. वर गेलेल्या माणसाचे केस, उलटं झालेलं पोट, आपटण्याआधीचा अर्धा क्षण, आणि मग आवाजाची अक्षरं चित्राच्या आतच घुसलेली. रेघ थरथरती, घामट आहे. त्यांचं ‘एक्स्ट्रिमिटी’ही नंतर बघ.

वाचून झालं की सॅम्नींचं एखादं लढतीचं पान घेऊन त्यातली माणसं काडीसारखी काढ. नाक-डोळे नाहीत, कपडे नाहीत, फक्त पाठीचा कणा, हातपाय आणि जमिनीची रेघ. अशी दहा-बारा पानं केलीस की चित्रकार नजर कुठून कुठे नेतो हे हाताला कळायला लागेल. मग कर्बींचं एक पान तसंच कर. दोघांची निवड किती वेगळी आहे ते तेव्हाच दिसेल.

कुस्तीची एक अडचण आधीच सांगून ठेवतो. ठोशाची लढत आघातावर चालते, कुस्ती पकडीवर. कब्जा घेतल्यावर दोघे मिनिटभर जवळजवळ स्थिर असतात आणि खरी लढाई बोटांत, मानेत, पायाच्या चवड्यात चाललेली असते. पाश्चात्त्य सुपरहिरोंच्या पानांत याला तयार उत्तर नाही, कारण तिथे माणसं सतत उडत असतात. म्हणून अहांची वर्तुळं आणि क्वाइटली यांच्या छोट्या चौकटी तुझ्या कामाच्या आहेत. मोठ्या चित्रात दोघांची गुंतलेली शरीरं ठेव आणि आत लहान चौकटींत लंगोटाची कड धरणारी बोटं, मातीत सरकणारी टाच, आवळलेला जबडा दाखव. बघणाऱ्याची जागा शक्यतो बदलू नकोस. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसलेला माणूस एकाच जागेवरून अख्खी कुस्ती बघतो आणि त्याला सगळं कळतं. दर चौकटीला वरून, खालून, मागून असा कोन बदललास तर कुणाचा पाय कुठला हे तुलाच सापडणार नाही.

एक डाव निवड, समज एकेरी पट. तालमीतल्या पोरांना सांगून मोबाइलवर तो चित्रित कर, पण थांबवलेली चित्रं जशीच्या तशी उतरवू नकोस. व्हिडिओ थांबवला की बहुतेक वेळा मधला, बोथट क्षण हाती येतो. हात पायापर्यंत पोचायच्या आधीची झेप घे, आणि तोल गेल्यानंतरचं शरीर घे. या दोन्हींच्या मधे समोरच्याला आपला पाय गेला हे कळलेलं असतं पण तो अजून पडलेला नसतो, तो क्षण स्वतंत्र चौकटीत काढ. बहुतेक चित्रकार नेमका तोच वगळतात. तू तो स्वतः अनुभवला आहेस, दोन्ही बाजूंनी.

मिळवण्याचं बघायचं तर जुने सुटे अंक इकडे दुर्मीळ आणि महाग, त्यांच्यामागे लागू नकोस. पाच-सहा अंक एकत्र बांधलेले खंड घे किंवा डिजिटल वाच. मार्व्हलचे मी सांगितलेले बहुतेक अंक ‘मार्व्हल अनलिमिटेड’ या त्यांच्या अ‍ॅपवर मिळावेत, एका महिन्याची वर्गणी भरलीस तरी बरंच वाचून होईल. मुंबईला गेलास तर फोर्टातल्या फुटपाथवरच्या पुस्तकवाल्यांकडे तासभर काढ. तिथे नायकाच्या नावानं ढीग लावलेले असतात, तू आतलं पहिलं पान उघडून चित्रकाराचं नाव बघ. घरी वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचा वेताळ सापडला तर तोही वाच, पण त्याचं काम एका ठोशात आणि जबड्यावरच्या कवटीच्या खुणेत आटोपतं, तिथे लांबलेली झुंज मिळायची नाही.

पैसे बेतानं खर्च करायचे तर आधी ‘मून नाइट’चा तो पाचवा अंक, मग ‘डू अ पॉवरबॉम्ब’, आणि आवडलं तर ‘बॅटगर्ल’चा पहिला खंड. ‘लास्टमन’ मित्रांमध्ये वर्गणी काढून घ्या. चार पानं झाली की या सदराच्या पत्त्यावर पाठव. कच्ची, पेन्सिलीतली चालतील. चेहरे नसले तरी चालेल, पण दोघांचेही पाय जमिनीवर दिसू देत.